उमेदवाराची भूमिका कशी पारखावी?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, कारखान्याच्या फाटकावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. त्या शिक्षणाचा एक फायदा असा, की कागद समोर आला म्हणजे आम्ही त्याची सही, तारीख आणि आकडा आधी पाहतो, मजकूर नंतर. निवडणुकीतील कागदांस हीच सवय लावावी, एवढेच आजच्या व्याख्यानाचे सूत्र आहे.

आपल्या कागलला राजकारणाचे विद्यापीठ म्हणतात. म्हणणारे कधी कौतुकाने म्हणतात, कधी टोमण्याने. या विद्यापीठात गट आहेत, गटांचे साखर कारखाने आहेत, आणि मतदाराच्या घरी लहान मूल बोलू लागले की त्यास आधी गट कळतो, मग पाढे. गटास आम्ही नावे ठेवीत नाही. अडीअडचणीला धावून येणारी चार माणसे गटामुळे मिळतात, हे खेड्यात राहणारास सांगावयास नको. परंतु विधानसभेत कोणते कायदे व्हावेत, या प्रश्नाचे उत्तर गटाच्या नावात नसते. ते शोधण्याची सवय मात्र आपल्याला राहिलेली नाही.

अलीकडचाच दाखला घेऊ. २०१९ साली कागल मतदारसंघात हसन मुश्रीफ राष्ट्रवादी काँग्रेसकडून उभे होते. समरजितसिंह घाटगे हे तोवर भारतीय जनता पक्षात, आणि त्या निवडणुकीत अपक्ष. २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी पक्ष दुभंगला व मुश्रीफसाहेब अजित पवार यांच्याबरोबर सत्तेत गेले. २०२४ च्या सप्टेंबरात घाटगे शरद पवार यांच्या पक्षात आले. म्हणजे, ज्या नेतृत्वाखाली पाच वर्षांपूर्वी एक उमेदवार लढला, त्याच नेतृत्वाखाली आता त्याचा प्रतिस्पर्धी लढत होता. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झाले. मुश्रीफसाहेब सुमारे साडेअकरा हजार मतांनी निवडून आले. १९९९ पासूनचा हा त्यांचा सलग सहावा विजय. गावोगाव भावकीत भांडणे झाली, मित्र मित्राशी बोलेनासे झाले. आणि बरोबर एका वर्षाने, २०२५ च्या नोव्हेंबरात, नगरपालिकेच्या निवडणुकीकरिता हे दोन्ही नेते एकत्र आले!

यात कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. राजकारणात माणसे जवळ येतात, दूर जातात. त्यांची कारणे त्यांना ठाऊक. आमचा प्रश्न मतदारापुरता आहे. ज्याने केवळ झेंडा पाहून मत दिले, त्याचा झेंडा हलला. ज्याने केवळ वैर पाहून मत दिले, त्याचे वैर मिटले. मग त्याच्या हाती काय उरले? ज्याने एखादा प्रश्न पाहून मत दिले असेल, त्याचा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे. तो निवडून आलेल्यास आजही विचारता येतो, पडलेल्यासही विचारता येतो, आणि दोघे एकत्र बसले तर दोघांना एकदम विचारता येतो.

आता, उमेदवाराने आपली भूमिका सांगावी अशी सक्ती कायद्यात आहे काय? नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांपासून उमेदवारास शपथपत्र द्यावे लागते. त्यात जमीन किती, सोने किती, कर्ज किती, गुन्हे कोणते, शिक्षण किती, हे सारे येते. ही मोठीच सुधारणा झाली. परंतु त्या शपथपत्रात मालमत्ता आहे, मत नाही. कंत्राटी कामगारांविषयी आपले म्हणणे काय, असा रकाना त्यात नाही. पक्षाचा जाहीरनामा असतो. २०१३ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावरून निवडणूक आयोगाने जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे केली. आश्वासनामागचे कारण सांगावे आणि पैसा कोठून आणणार तेही ढोबळमानाने सांगावे, असे त्यांत आहे. तथापि जाहीरनामा हा पक्षाचा. तुमच्या दारी हात जोडून उभा राहिलेला माणूस त्यातील कोणत्या कलमासाठी भांडणार, हे त्यावरून कळत नाही. ते तुम्हालाच विचारावे लागते.

धोरण कशास म्हणावे, हे शिकण्यासाठी कोल्हापूरकरास दूर जाण्याचे कारण नाही. ज्यांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यातला, त्या राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम पाहा. मागासलेल्या वर्गांची उन्नती व्हावी, अशा सदिच्छेवर तो थांबत नाही. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात, असे तो सांगतो. कोणी करावयाचे, किती करावयाचे, केव्हापासून करावयाचे, हे तिन्ही त्यात आहे. म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतरही त्याची तारीख आपण पाठ म्हणतो. सदिच्छांच्या तारखा कोणी पाठ करीत नाही.

तेव्हा कोणतेही आश्वासन आले की चार चाळण्या लावाव्यात. ते पुरे करणे कोणाच्या अधिकारात आहे? आकडा किती? मुदत कोणती? आणि पैसा कोठून? यावर पाचवी चाळण उमेदवारापुरती : या विषयावर पूर्वी सत्तेत वा विरोधात असता त्याने काय केले?

या चाळण्या २०२४ च्या दोन जाहीरनाम्यांस लावून पाहू. महायुतीने सांगितले : लाडक्या बहिणींना १५०० ऐवजी २१०० रुपये, शेतकऱ्यांना कर्जमाफी, शेतकरी सन्मानाचे वर्षाला १२००० ऐवजी १५००० रुपये, २५ लाख रोजगार, अंगणवाडी व आशा सेविकांना १५००० रुपये. महाविकास आघाडीने सांगितले : महिलांना महिन्याला ३००० रुपये व बसचा मोफत प्रवास, तीन लाखांपर्यंत कर्जमाफी, नियमित फेडणाऱ्यास ५०००० रुपये, बेरोजगार तरुणांना महिन्याला चार हजारांपर्यंत, २५ लाखांचा आरोग्य विमा.

पहिली चाळण दोन्हींतील बहुतेक कलमे ओलांडतात. या गोष्टी राज्य सरकारच्या हातच्या आहेत. आकडेही आहेत. दोष मुदतीत आणि पैशात निघतो. २१०० रुपये केव्हापासून? मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेला २०२५-२६ या वर्षाकरिता ३६००० कोटींची तरतूद झाली, पण हप्ता १५०० रुपयेच राहिला. विरोधकांनी यावर टीका केली, ती रास्तच होती. परंतु तोच प्रश्न उलट बाजूसही लागू आहे : १५०० ला जर ३६००० कोटी लागतात, तर त्याच बहिणींना ३००० देण्यास किती लागले असते? हा हिशेब कागलच्या बाजारात भाजी विकणारी बाई बोटांवर करील. ७२००० कोटी. ते कोठून येणार होते? एकास विचारलेला प्रश्न दुसऱ्यास न विचारणे ही तुलना नव्हे, ती वकिली झाली. तुलनेत तराजूची दोन्ही पारडी एकाच दांडीला हवीत.

आणि २५ लाख रोजगार! हे कलम आम्हा कामगारांच्या जिव्हाळ्याचे. रोजगार म्हणजे काय? कायम नोकरी, की ठेकेदाराकडची अकरा महिन्यांची हजेरी, की शिकाऊ उमेदवाराचे विद्यावेतन? आकडा आहे, पण त्याचे माप नाही. दुधात किती लिटर सांगितले आणि फॅट सांगितली नाही, तर आपल्याकडचा शेतकरी ते दूध घालील काय?

येथे आपल्या पंचतारांकित वसाहतीकडे येऊ. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत ती पसरली आहे. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली या गावांच्या माळांवर, जेथे एकेकाळी मेंढरे चरत, तेथे आज सुताचे, कापडाचे, इंजिनांचे, कास्टिंगचे कारखाने आहेत. सकाळच्या पाळीला मोटारसायकली, कंपनीच्या बसगाड्या आणि वडाप यांची रांग लागते. या रांगेतील माणसांचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात येत नाही. ती एका ठिकाणी राबतात आणि अनेक ठिकाणी मत देतात. कागल मतदारसंघात कागल तालुक्याबरोबर गडहिंग्लज व आजऱ्याचा काही भाग येतो. पण रांगेतील कित्येक जण हातकणंगले, राधानगरी, कोल्हापूर दक्षिण येथले मतदार. परप्रांतांतून आलेल्यांची नावे त्यांच्या गावच्या यादीत. आणि कोगनोळी नाका ओलांडून निपाणीकडून येणारा आमचा मराठी भाऊ! तो दिवसभर महाराष्ट्राच्या नियमांखाली यंत्र चालवितो आणि आमदार निवडतो कर्नाटकाच्या विधानसभेचा. त्याच्या पाळीचे तास ठरविणाऱ्या सभागृहात त्याचे मत नाही.

परिणाम असा होतो की, वसाहतीत हजारो माणसे असूनही वसाहतीचा म्हणून मतदार कोठेच नाही. उमेदवार गावात येतो तेव्हा त्यास पाणंद, समाजमंदिर, उसाची बिले यांबद्दल विचारतात. योग्यच आहे. पण पाळीच्या तासांबद्दल विचारणारा त्या वेळी पाळीवर असतो.

या न विचारण्याची किंमत काय पडते पाहा. निवडणूक झाली नोव्हेंबर २०२४ मध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जादा कामास कामगाराची लेखी संमती लागेल, असे सरकारने सांगितले. उद्योगांच्या गरजा बदलल्या आहेत, हेही सरकारचे म्हणणे आम्ही नोंदवितो. पण फाटकाच्या आत ठेकेदाराच्या माणसाने संमतीचा कागद पुढे केल्यावर नाही म्हणणारा कंत्राटी कामगार किती दिवस आत राहतो, हे ज्याने पाळी केली आहे त्यास विचारा. हा प्रश्न बरा की वाईट, यावर मतभेद असू शकतो. दुःख याचे आहे की, दहा महिन्यांपूर्वी ज्या सभांना आम्ही उभे राहिलो, त्यांपैकी एकीतही हा विषय आमच्या कानी आला नाही. त्यांनी सांगितला नाही, आणि आम्हा मंडळींतून कोणी विचारलाही नाही.

त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि जुने २९ कायदे त्यांत विलीन झाले. कारखाना बंद करण्यास वा कामगार कपातीस सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा पूर्वी १०० कामगारांची होती, ती ३०० झाली. कंत्राटी कामगारांचा कायदा पूर्वी २० माणसांना लागू होई, आता ५०. आपल्या राज्याने ती ५० ची दुरुस्ती आधीच करून घेतली होती. येथे कोणी म्हणेल, संहिता संसदेच्या. आमदाराचा त्यात काय संबंध? संबंध आहे. कामगार हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. संहितांखालील बरेचसे नियम राज्य करते, किमान वेतनाचे दर राज्य ठरविते, आणि तपासणीला अधिकारी पाठविणे हेही राज्याचेच काम. उलट बाजूचेही उदाहरण घ्या. भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ साली १००० रुपये ठरली. ती वाढविणे केंद्राच्या हाती. विधानसभेचा उमेदवार ती वाढवून देतो म्हणू लागला, तर त्यास नम्रपणे सांगावे की, आपण चुकून दुसऱ्या सभागृहाचे भाषण आणले आहे.

दोन उमेदवारांची भूमिका एकच असेल, तर काय करावे? शक्तिपीठ महामार्गाचा प्रश्न तसा होता. नागपूर ते गोवा, ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. कोल्हापूरच्या शेतकऱ्याने कडाडून विरोध केला, आणि कागलात दोन्ही बाजू शेतकऱ्यांबरोबर असल्याचे सांगत होत्या. मग तुलना संपली काय? नाही, ती तेथे सुरू होते. पुढचा प्रश्न हा की, आपले सरकार उलट निर्णय घेऊ लागले तर आपण काय कराल? २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी २०७८७ कोटींना मंजुरी दिली. त्या बैठकीत मुश्रीफसाहेबांनी कोल्हापूरचा विरोध मांडल्याचे वृत्तपत्रांत आले. मांडला हे चांगले; मंजुरीही झाली हे सत्य. भूमिका असणे, ती बोलून दाखविणे आणि तिच्यासाठी काही पणाला लावणे, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. उमेदवार कोणत्या पायरीपर्यंत येणार, हे मतदानापूर्वी विचारावयाचे असते.

येथे एक खरा आक्षेप येतो. पक्षाने आदेश काढला की आमदाराला त्याप्रमाणे मत द्यावे लागते. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीने त्याचे हात बांधले आहेत. मग त्याची व्यक्तिगत भूमिका विचारून काय उपयोग? उपयोग असा, की मतदान हे आमदाराचे एकच काम नव्हे. तो प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी मांडू शकतो, अशासकीय विधेयक आणू शकतो, पक्षाच्या बैठकीत भांडू शकतो. आमच्या वसाहतीला सरकारने पाच तारे दिले. तिच्यातील कामगारांवर विधानसभेत किती तारांकित प्रश्न विचारले गेले, हे प्रत्येक अधिवेशनानंतर मोजावे. कामकाज छापले जाते, ते पाहावयास कोणाची चिठ्ठी लागत नाही.

सभागृहात एकटा माणूस काय करू शकतो, याचा इतिहास याच प्रांतात आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, त्याचा कार्यक्रम छापून लोकांपुढे ठेवला, आणि निवडून येताच १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. बहुमत त्यांचे नव्हते. पुढच्याच वर्षी संपावर निर्बंध घालणारे औद्योगिक कलहाचे विधेयक आले, तेव्हा आत विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाहेर संप घडविला. छापील शब्द आणि पुढचे वर्तन यांत अंतर पडू न देणे, ते हे. तसेच माथाडींचे. ज्याला मालक कोण हेच सांगता येत नव्हते, त्या हमालासाठी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर १९६९ साली याच राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. आज ठेकेदाराच्या कामगारालाही आपला मालक कोण ते धड सांगता येत नाही. त्याच्यासाठी विधिमंडळ काही करू शकत नाही, असे म्हणणाऱ्यास १९६९ आठवून द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. एका फाटकसभेत एका कामगाराने आम्हांस विचारले, "दादा, माझ्या आईचं ऑपरेशन आमदारांच्या चिठ्ठीनं मुंबईला झालं. आता मी त्यांना प्रश्न विचारू व्हय?" सभा गप्प झाली. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ज्याच्या चिठ्ठीने आई वाचली, त्यास विसरणारा माणूस चांगला कामगारही होणार नाही. आम्ही त्यास म्हणालो, "उपकार मान, जन्मभर मान. पण मान ठेवून विचार की, साहेब, शेजारच्या पाळीतल्या पोराची आई चिठ्ठीवाचून वाचावी, यासाठी काय करणार?" चिठ्ठी एकाला मिळते. धोरण हे, ज्याची कोणाशी ओळख नाही, त्याच्यासाठी असते. आणि कामगार वर्गात ओळख नसलेलेच अधिक.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात. आम्ही एक तक्ता सुचवितो. डाव्या बाजूस पाचच प्रश्न : कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी माणूस असावा काय, बारा तासांच्या पाळीस आपला पाठिंबा की विरोध, किमान वेतनाची फेरआखणी किती वर्षांनी, कारखान्यांची तपासणी कशी वाढविणार, आणि रात्रपाळीच्या बायामाणसांना सुखरूप घरी पोचविण्याची व्यवस्था कोणाकडे. वरच्या बाजूस उमेदवारांची नावे. प्रत्येक घरात लिहावयाचे ते असे : काय म्हणाले, कोठे म्हणाले, म्हणजे छापून, सभेत, की कानगोष्ट, आणि पूर्वी काय केले. व्यापाऱ्यांनी आपले पाच प्रश्न घ्यावेत, शेतकऱ्यांनी आपले. मात्र सर्व उमेदवारांस प्रश्न एकच, शब्द तेच, मुदत तीच. आपल्या आवडत्या माणसास सोपा आणि नावडत्यास अवघड, असे करावयाचे नाही.

पुष्कळ घरे कोरी राहतील. राहू द्यावीत. कोऱ्या घरात आपण आपल्या मनाने चांगले उत्तर भरावयाचे नाही, ही या तक्त्याची मुख्य शिस्त. आपला माणूस आहे, तो काही वाईट करणार नाही, असे म्हणून जी घरे आपण भरतो, तेथेच पुढे बारा तास येऊन बसतात. भरलेला तक्ता फाटकावर, चावडीवर, वाचनालयात लावावा. खाली कोणास मत द्या ते लिहू नये. आमची संघटना तसे सांगत नाही आणि सांगणार नाही. कामगाराला वाचता येते.

विधानसभेची पुढची निवडणूक मुदतीप्रमाणे २०२९ मध्ये येईल. तोवर थांबण्याचे कारण नाही. प्रश्न मतदानाच्या आठवड्यात विचारला तर उत्तर मतासाठी येते. मध्येच, निवांत वेळी, रीतसर पत्राने विचारला तर त्या माणसाचे खरे मन कळण्याचा संभव अधिक. गतवेळी समोरासमोर लढलेले दोन्ही नेते याच तालुक्यात राहतात, दोघांची दारे लोकांस उघडी असतात. एकच पत्र, दोन पाकिटे. उत्तर आले तर तारीख घालून जपून ठेवावे, न आले तर पाठविल्याची पोच जपून ठेवावी.

 प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षमहाराजांनी वेळ राखला आहे. त्यात आम्हांसही याच चाळण्या लावाव्यात, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.